शेजारची खुर्ची रिकामी असताना

१५ जुलै २०२०, बुधवार. बराक ओबामा, जो बायडेन, बिल गेट्स, इलॉन मस्क यांच्या ट्विटर खात्यांवर थोड्याथोड्या वेळाने एकाच धर्तीचा मजकूर झळकू लागला: खाली दिलेल्या पत्त्यावर बिटकॉइन पाठवा, दुप्पट करून परत देतो. लोकांनी पाठवलेही. काही तासांत १ लाख १८ हजार डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या आतल्या यंत्रणेत शिरायचं म्हणजे त्यामागे काहीतरी अफाट तंत्र असणार, असंच कुणालाही वाटेल. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने चौकशी केली तेव्हा फार साधी गोष्ट पुढे आली. चोरांनी कर्मचाऱ्यांना फोन केले होते.

कोविडमुळे ट्विटरची माणसं तेव्हा घरून काम करत होती. घरून काम म्हटलं की व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या यंत्रणेत जायची सुरक्षित वाट, आलं, आणि व्हीपीएन म्हटलं की त्याचं मधूनच अडकणंही आलं. फोन करणारा म्हणायचा, "मी आयटी हेल्पडेस्कमधून बोलतोय. तुमच्या व्हीपीएनची तक्रार आलीय, ती सोडवून देतो." मग तो एका पानावर जायला सांगायचा. पान कंपनीच्या लॉगिनसारखंच हुबेहूब. कर्मचारी तिथे नाव आणि पासवर्ड टाकायचा, आणि चोर त्याच क्षणी तेच खऱ्या पानावर टाकायचा. त्यामुळे खऱ्या यंत्रणेकडून कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर विचारणा जायची: आत येणारे तुम्हीच ना? काहींनी 'हो' दाबलं.

ऑफिसात बसलेल्या माणसाने अशा वेळी काय केलं असतं? खुर्ची वळवून शेजारच्याला विचारलं असतं, "अरे, तुलाही आयटीवाल्यांचा फोन आलाय का?" शेजारचा म्हणाला असता, "नाही बुवा." फोन चालू असतानाच कुणीतरी आयटीच्या खोलीत डोकावून आलं असतं आणि डाव तिथेच फसला असता. घरून काम करताना आपल्या हातून नेमकं हे निसटतं. ऑनलाइन सुरक्षेबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक यंत्रांबद्दल असतं. यंत्रांचं मीही सांगणार आहे. पण अनेक वर्षं घरून काम केल्यावर माझं मत असं झालंय की मूळ अडचण माणसाच्या एकटेपणाची आहे. विचारायला शेजारी कुणी नसतं, आणि समोर स्क्रीनवर जे दिसतंय त्याच्या भरवशावर घाईघाईत निर्णय घ्यावा लागतो.

यंत्रांची कामं सुट्टीच्या एका दुपारी उरकतात. रिकाम्या खुर्चीची भरपाई मात्र रोजच्या सवयीनेच होते, म्हणून ती आधी.

खात्री दुसऱ्या वाटेने

निरोप ज्या वाटेने आला, त्याच वाटेने त्याची खात्री करायची नाही. मेल आला तर फोन करायचा. फोन आला तर "बरं, मी पाच मिनिटांत लावतो" म्हणून ठेवून द्यायचा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः लावायचा. त्या मेलखाली छापलेला किंवा त्या माणसाने सांगितलेला नंबर इथे चालत नाही, कारण तो चोरानेच दिलेला असू शकतो.

याचं कारण समजून घेतलं की सवय लावायला सोपं जातं. मोबाइलच्या स्क्रीनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो. मेल पाठवणाऱ्याचं नाव तर कुणीही काहीही ठेवू शकतं. आणि कधीकधी मेल खरंच साहेबांच्या खात्यातून आलेला असतो, पण ते खातंच चोराच्या ताब्यात गेलेलं असतं. तेव्हा "सर, हा मेल तुम्हीच पाठवलात ना?" असं उत्तर लिहिलं तर ते चोरालाच पोचतं, आणि चोर अगदी नम्रपणे 'हो' म्हणतो.

"पण मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं" हेही आता पुरत नाही. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला आर्थिक प्रमुखांच्या नावाने एका गुप्त व्यवहाराचा निरोप आला. त्याला आधी संशय आलाही होता. मग व्हिडिओ मीटिंग झाली. तीत प्रमुख दिसले, ओळखीचे सहकारी दिसले, आणि संशय मावळला. त्याने पाठवलेली एकूण रक्कम होती २० कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे सुमारे अडीच कोटी अमेरिकी डॉलर. मीटिंगमधले ते चेहरे आणि आवाज संगणकाने घडवलेले होते. खऱ्या प्रमुखांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर एक फोन लागला असता तर सगळं थांबलं असतं.

हा फोन आपण करत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा अज्ञान नसतं, भीड असते. साहेबांना परत कसं विचारायचं? त्यांना वाटेल माझा विश्वास नाही. चोर याच भिडेवर जगतो. म्हणूनच त्याच्या निरोपात 'मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका', 'आत्ताच हवंय', 'सध्या कुणाला बोलू नका' अशी वाक्यं असतात. घाई, गुपित आणि 'या वेळी नेहमीची पद्धत बाजूला ठेवा' या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर हात कीबोर्डवरून बाजूला घ्यायचा.

भीड मोडायची जबाबदारी वरच्या माणसाची आहे, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या हाताखाली चार माणसं घरून काम करत असतील तर त्यांना आजच स्पष्ट सांगा: पैसे, पासवर्ड किंवा बँक खात्यातला बदल, यांबद्दल माझ्या नावाने काहीही आलं तर मला उलट फोन करा, मी रागावणार नाही. आणि उलट फोन खरंच आला की आभार माना. पहिल्याच वेळी तुम्ही वैतागलात तर दुसरा फोन येणार नाही.

पत्ता उजवीकडून वाचायचा

आता जवळून एक गोष्ट बघू. समजा तुमच्या कंपनीचं संकेतस्थळ आहे 'आमचीकंपनी.कॉम'. मेलमध्ये लिंक अशी आहे:

लॉगिन.आमचीकंपनी.कॉम.खाते-तपासणी.नेट/आमचीकंपनी

डोळा डावीकडून वाचत जातो, ओळखीचं नाव दिसलं की समाधान पावतो आणि थांबतो. पण इंटरनेटचा पत्ता उलटा वाचायचा असतो. अगदी सुरुवातीला दोन तिरक्या रेघा जोडीने असल्या तर त्या सोडा. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिथे बोट ठेवा आणि तिथून डावीकडे सरका. हाताला लागणारे पहिले दोन तुकडे म्हणजे 'खाते-तपासणी.नेट'. या जागेचा मालक तो. काही देशांच्या पत्त्यांचा शेवटच दोन तुकड्यांचा असतो, तिथे तीन तुकडे बघायचे. मालकाच्या डावीकडे जे काही आहे ते मालकाने स्वतःच्या मर्जीने लिहिलेलं आहे, आणि रेघेच्या उजवीकडचंही तसंच. कुणी स्वतःच्या घरातल्या खोलीवर 'बँक' अशी पाटी लावली म्हणून तिथे बँक होत नाही, तसंच हे.

ब्राउझरमधल्या कुलपाच्या चित्रावर तर मुळीच भिस्त ठेवू नका. ते चित्र एवढंच सांगतं की तुमचं आणि त्या पानाचं बोलणं वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसलंय याची हमी ते देत नाही, आणि चोरालाही ते कुलूप फुकट मिळतं. हाच गैरसमज फार पसरल्यामुळे गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चित्र काढून टाकलं.

मोबाइलवर पत्ता धड दिसत नाही आणि तिथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. माझी पद्धत सरळ आहे. लॉगिन करायला लावणारी लिंक, ती खरी असो वा खोटी, मी दाबत नाही. ब्राउझरमध्ये आधी जपून ठेवलेल्या बुकमार्कने त्या ठिकाणी जाते. निरोप खरा असेल तर तो आत गेल्यावरही दिसतोच.

पासवर्डचं गणित

एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी बदल: पासवर्डचं हे शास्त्र अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून जगभर गेलं. ते लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो असं सांगितलं. त्याच वर्षी निस्टनेही भूमिका बदलली: उगाच मुदत घालून पासवर्ड बदलायला लावू नका, लांबीला महत्त्व द्या. कारण सक्ती झाली की माणूस शेवटचा १ पुसून २ करतो, आणि चोराला हे पक्कं माहीत असतं.

लांबीने काय होतं ते बघा. इंग्रजीतली ८ छोटी अक्षरं घेतली तर प्रत्येक जागी २६ पर्याय, म्हणजे एकूण जवळजवळ २१ हजार कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो. पण समजा एखाद्या कंपनीची पासवर्डची फाइल चोराच्या हाती लागली आणि त्याचं यंत्र सेकंदाला १०० कोटी अंदाज करतंय. मग साडेतीन मिनिटांत सगळ्या शक्यता संपतात. आता दुसरी पद्धत घेऊ. ७,७७६ साध्या शब्दांची यादी असते आणि पाच फासे टाकून तिच्यातून एकेक शब्द निवडतात. पाच फाशांचे सहा-सहा पृष्ठभाग, म्हणून ७,७७६. असे चार शब्द ओळीने लिहिले तर त्याच यंत्राला ४२ दिवस लागतील. पाचवा शब्द जोडलात की ९०० वर्षं. शब्द मात्र फाशांनीच निवडलेले हवेत. आवडत्या गाण्याची ओळ किंवा घरातल्यांची नावं ओळीने लिहिली तर हे गणित लागू होत नाही.

असा पासवर्ड तुम्हाला एकच पाठ करायचा आहे, पासवर्ड मॅनेजरचा. बाकी प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड तो अ‍ॅप स्वतः बनवेल आणि लक्षात ठेवेल. वेगळेपणा मी अवघडपणापेक्षा वर ठेवते, आणि त्यामागे एक मोठी घटना आहे. मे २०२१ मध्ये कोलोनियल पाइपलाइन ही कंपनी ठप्प झाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी निम्म्याच्या जवळपास ती वाहून नेते. चोर आत आले ते व्हीपीएनच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या पण बंदही न केलेल्या खात्यातून. त्या खात्याचा पासवर्ड इतरत्र फुटलेल्या पासवर्डच्या यादीत सापडला. कंपनीच्या प्रमुखाने सेनेटपुढे सांगितलं की तो पासवर्ड साधासुधा नव्हता, गुंतागुंतीचा होता. तो तसा असूनही काही उपयोग झाला नाही, कारण ती किल्ली आधीच बाजारात फिरत होती. कंपनीने ७५ बिटकॉइन, तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी भरली. त्यातला बराचसा हिस्सा अमेरिकेच्या न्याय विभागाने पुढे परत मिळवला, पण दरम्यान पंपांपुढे रांगा लागून गेल्या होत्या.

त्या खात्याला आणखी एक गोष्ट नव्हती: दुसरं कुलूप.

दुसरं कुलूप, आणि त्यातलं कुठलं

पासवर्डनंतर ओटीपी किंवा मोबाइलवरची परवानगी मागणं म्हणजे दुसरं कुलूप. ते लावलेलं असणं नसण्यापेक्षा केव्हाही चांगलं. पण सगळी दुसरी कुलपं सारखी नसतात आणि हा फरक फारसा कुणी समजावून सांगत नाही.

एसएमएसने येणारा ओटीपी सगळ्यात कच्चा. मोबाइल कंपनीला फसवून तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेता येतो. त्यापेक्षा अ‍ॅपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडा बरा. पण खोट्या पानावर तुम्ही तोही टाकलात तर चोर तो तितक्याच लगबगीने खऱ्या पानावर टाकतो. ट्विटरच्या वेळी पासवर्डचं झालं तेच. तिसरा प्रकार म्हणजे मोबाइलवर येणारी 'हो की नाही' ही विचारणा. इथे चोर थकवण्याचा डाव टाकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला अशा विचारणा एकामागून एक येत राहिल्या, आणि शेवटी त्याने एक मान्य केली. आपण काहीही उघडलेलं नसताना अशी विचारणा आली, तर तिचा अर्थ एकच: आपला पासवर्ड कुणाकडे तरी गेलाय. 'नाही' दाबायचं, पासवर्ड बदलायचा, आयटीला कळवायचं.

खरा फरक पडतो तो पासकी किंवा यूएसबीसारख्या छोट्या सुरक्षा-किल्लीने. तिचं कामकाज सुंदर आहे. खातं उघडताना तुमचं यंत्र दोन किल्ल्यांची एक जोडी बनवतं. एक संकेतस्थळाला देतं आणि दुसरी स्वतःजवळ ठेवतं, ती संकेतस्थळाला कधीच दिली जात नाही. लॉगिनच्या वेळी संकेतस्थळ एक कोडं पाठवतं, आपल्याजवळची किल्ली ते सोडवून देते. ही जोडी त्या एका पत्त्याशी बांधलेली असते. पत्ता 'खाते-तपासणी.नेट' असेल तर किल्ली चालतच नाही, मग पान कितीही हुबेहूब असो आणि माणूस कितीही भाबडेपणाने 'हो' म्हणत असो. पत्ता वाचायचं काम माणसाच्या थकलेल्या डोळ्यांकडून ब्राउझरकडे जातं.

याचा उपयोग होतो का, ते २०२२ मध्ये जवळजवळ प्रयोगच केल्यासारखं दिसून आलं. जुलै-ऑगस्टच्या सुमारास ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना सारख्याच धाटणीचे खोटे एसएमएस आले. दोन्हीकडे काही माणसं फसली. क्लाउडफ्लेअरने स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या तिघांनी खोट्या पानावर पासवर्ड टाकला होता. ट्विलिओत चोर आत शिरले. क्लाउडफ्लेअरमध्ये शिरू शकले नाहीत, कारण तिथे प्रत्येकाकडे अशी किल्ली होती. तुमच्या मेलच्या खात्याला पासकीची सोय असेल तर ती आजच चालू करा. मेल सगळ्यात आधी, कारण बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' हे निरोप तिथेच येतात.

राउटर उलटा करा

कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेला तो डबा आता ऑफिसचा दरवाजा झालाय. तो उलटा करा. खाली स्टिकर असतो आणि त्यावर बहुधा दोन वेगळे पासवर्ड असतात. गोंधळ इथेच होतो. एक वाय-फायचा, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा राउटरच्या स्वतःच्या सेटिंगचा, आणि तो बहुतेकांनी कधीच बदललेला नसतो. कित्येक राउटरवर तो 'अ‍ॅडमिन' एवढाच असतो.

त्याने काय बिघडतं? २०१६ मध्ये मिराई नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरत होता. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती. ती वापरून त्याने घराघरांतले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांतल्या अनेक यंत्रांचा मारा डाइन (Dyn) या कंपनीवर झाला. नावावरून संकेतस्थळांचा पत्ता शोधून देणारी ही कंपनी कोलमडली, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी नावं कित्येक तास अनेकांना उघडेनात. ज्यांच्या घरातली यंत्रं यात सामील होती त्यांना पत्ताही नव्हता.

ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (तुमच्या राउटरचा पत्ता स्टिकरवर असतो). सेटिंगचं पान उघडेल. तिथे सेटिंगचा पासवर्ड बदला. वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए-३ वर ठेवा, ती नसेल तर डब्ल्यूपीए-२. राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय, चालू असेल तर बंद करा. आणि डब्ल्यूपीएस बंद करा.

डब्ल्यूपीएस म्हणजे बटण दाबून किंवा ८ अंकी पिन टाकून पटकन वाय-फाय जोडायची सोय. ८ अंकांतला शेवटचा फक्त तपासणीचा, म्हणजे खरे ७, म्हणजे १ कोटी शक्यता. एवढं पुरेसं वाटतं. पण २०११ मध्ये लक्षात आलं की राउटर पिनचे पहिले ४ अंक बरोबर आहेत की नाही ते वेगळं सांगतो आणि उरलेल्यांचं वेगळं. म्हणजे चोराला आधी १० हजार आणि मग १ हजार, असे जास्तीत जास्त ११ हजारच प्रयत्न पुरतात. एका कुलपाची दोन छोटी कुलपं झाली की ते किती दुबळं होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच पानावर 'गेस्ट नेटवर्क' दिसलं तर ते चालू करा आणि टीव्ही, कॅमेरे, मुलांचे टॅब्लेट, पाहुण्यांचे मोबाइल त्यावर टाका. कामाचा लॅपटॉप एकटा मुख्य नेटवर्कवर राहू द्या. टीव्हीत काही शिरलंच तर ते लॅपटॉपपर्यंत पोचायला मध्ये भिंत राहते.

घरचा लॅपटॉप, ऑफिसचं काम

लास्टपास ही पासवर्ड सांभाळणारीच कंपनी. तिच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती जिथे ठेवलेल्या असतात, तिथपर्यंत पोचवणाऱ्या गुप्त किल्ल्या फक्त चार इंजिनिअरांच्या हाती होत्या. २०२२ मध्ये चोरांनी त्यातल्या एकाच्या घरच्या संगणकावर नेम धरला. त्यावर गाणी-सिनेमे लावायचं एक सॉफ्टवेअर होतं, आणि ते जुनं होतं. त्यातल्या ज्या भोकातून चोर शिरले, ते बुजवणारं अपडेट २०२० मध्येच निघालेलं होतं. त्या इंजिनिअरने दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारा प्रोग्राम चोरांनी तिथे बसवला आणि त्याचा मुख्य पासवर्ड उचलला. त्या माणसाचं ऑफिसचं काम आणि घरची करमणूक एकाच यंत्रावर नसती तर हे इतकं सोपं झालं नसतं. (मग पासवर्ड मॅनेजर वापरायचाच का, असं कुणी विचारेल. हो, वापरायचा. चोरीला गेलेल्या तिजोऱ्यांतले पासवर्ड कुलूपबंदच होते, आणि ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब होता त्यांचं कुलूप मजबूत राहिलं.)

तेव्हा जमत असेल तर कामाला वेगळा लॅपटॉप. एकाच लॅपटॉपवर भागवावं लागत असेल तर निदान वेगळं युजर खातं, आणि त्या खात्याला नवे प्रोग्राम बसवायची परवानगी नको. उठताना स्क्रीन लॉक. ऑफिसच्या फाइल्स 'पटकन घरी बघायला' म्हणून स्वतःच्या मेलवर पाठवायच्या नाहीत, आणि एआय चॅटमध्ये चिकटवायच्याही नाहीत. सॅमसंगच्या काही इंजिनिअरांनी कंपनीचा कोड असा चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झाल्यावर मे २०२३ मध्ये कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली होती.

अपडेटचं एकच सांगते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक अडवले. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. मध्ये दोन महिने होते. 'नंतर आठवण करा' हे बटण ज्यांनी दाबत नेलं, ते अडकले. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या यंत्रावर अजून तेच असेल आणि वाढीव मुदतीचे अपडेट घेतलेले नसतील, तर त्यावर ऑफिसचं काम करू नका.

बॅकअपची एक प्रत नेहमी यंत्रापासून सुटी ठेवा. कायम जोडलेली हार्ड डिस्क खंडणीखोर प्रोग्राम लॅपटॉपबरोबरच कुलूपबंद करतो.

व्हीपीएन म्हणजे काय, आणि काय नाही

ऑफिसचं व्हीपीएन म्हणजे तुमच्या लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंतचा बंद बोगदा. वाटेत कुणी डोकावलं तरी आत काय चाललंय ते कळत नाही. पण बोगद्याची दोन्ही तोंडं उघडी असतात. तुमच्या लॅपटॉपमध्ये घाण शिरली असेल तर ती याच बोगद्यातून सुखरूप ऑफिसात पोचते. खोटी लिंक दाबली तरी व्हीपीएन काही करू शकत नाही. आणि जाहिरातीतलं फुकट व्हीपीएन ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे तुम्ही कुठे जाता ते त्या अनोळखी कंपनीला दिसतं. कामासाठी ते नकोच.

मीटिंगबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपीय संघाच्या संरक्षण मंत्र्यांच्या गुप्त व्हिडिओ बैठकीत एक डच पत्रकार अचानक हात हलवत हजर झाला. डच मंत्र्यांच्या खात्यावरून बैठकीचा फोटो ट्विट झाला होता आणि त्यात लॉगिनच्या ६ अंकी पिनचे ५ अंक दिसत होते. सहावा शोधायला दहाच प्रयत्न पुरतात. वेटिंग रूम चालू ठेवा, स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीनऐवजी एकच खिडकी दाखवा, आणि 'आमचं घरचं ऑफिस' असा फोटो टाकण्याआधी मागच्या स्क्रीनवर आणि भिंतीवरच्या चिठ्ठीवर नजर टाका.

चुकून दाबलं गेलं तर

हे माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. तिघांपैकी एक जण कधीतरी फसणारच असं धरून चालावं, आणि तो आपणही असू शकतो. ऑफिसात असताना चेहरा पडलेला शेजारच्याला दिसतो, तो विचारतो, "काय झालं?" घरी कुणी विचारत नाही. माणूस लाजेने गप्प बसतो, उद्या बघू म्हणतो, आणि चोराला आख्खी रात्र मिळते.

लगेच काय करायचं? वाय-फाय बंद करा, तारेने जोडलं असेल तर तार काढा. लॅपटॉप बंद करू नका, कारण काय घडलं त्याच्या खुणा चालू यंत्राच्या मेमरीत असतात. मोबाइलवरून, मोबाइल डेटावर, पासवर्ड बदला आणि त्या खात्यात 'सगळ्या यंत्रांवरून लॉगआउट' हा पर्याय दाबा. हा पर्याय बहुतेक जण विसरतात. एकदा लॉगिन झालं की ब्राउझरजवळ एक छोटी खूण राहते, तिच्या जोरावर ते पान तुम्हाला परत परत पासवर्ड विचारत नाही. ती खूण चोरली गेली असेल तर चोरालाही कुणी पासवर्ड विचारत नाही, आणि नुसता पासवर्ड बदलून तो बाहेर जाईलच असं नाही.

आणि मग हेल्पडेस्कला फोन. तो नंबर आत्ताच कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी चिकटवा, कारण त्या क्षणी लॅपटॉपमधलं काही उघडायचं नसतं. फोन लागला नाही तर मोबाइलवरून निरोप पाठवा. स्पष्टीकरण नको, माफी नको, नुसता तपशील: "४:३० ला कुरिअरच्या नावाने मेल आला. लिंक उघडली, पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला नाही. ४:४० ला वाय-फाय बंद केलंय, लॅपटॉप चालूच ठेवलाय. मोबाइलवरून पासवर्ड बदललाय, सगळीकडून लॉगआउट केलंय. मेल डिलीट केलेला नाही. मी याच नंबरवर आहे."